बावन्न नंबरचे कपडे

मठातल्या माणसांची मापं सुईबाईला तोंडपाठ होती. मोठ्या फादरांची छाती बेचाळीस, डावा खांदा उजव्यापेक्षा बोटभर खाली. ग्रंथपाल फादरांची कंबर दर वर्षी एकेक काज आत सरकत चाललेली. आणि बावन्न नंबर: मान साडेपंधरा, हात असे लांब की बाहीला दोन इंच जास्त कापड सोडावं लागे. बावन्न नंबर तिचा मुलगा होता.

सुईबाई हे नाव शाळेतल्या मुलांनी पाडलेलं. तिच्या कॉलरीला दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असे, आणि मैदानावर कुणाची चड्डी फाटली, बटण तुटलं की ते पोरगं मागच्या दाराने धुलाईघरात धावत यायचं. उभ्या उभ्या टाका घालून, दाताने दोरा तोडून ती म्हणायची, "पळ, घंटा झाली." शाळेच्या कागदोपत्री तिचं नाव वेगळं होतं, पण ते फक्त पगाराच्या दिवशी वापरात यायचं.

मठ आणि शाळा एका भिंतीचे. संत बेनेडिक्टच्या नियमाने चालणारा मठ. दिवसातून पाच वेळा प्रार्थना, मधल्या वेळात काम, आणि काम म्हणजे ही शाळा. लांब बोळातलं एक जाड दार ढकललं की एका बाजूला चारशे मुलांचा गलका आणि दुसऱ्या बाजूला एकदम शांतता. दुपारी बाराची घंटा झाली की शाळेतही मुलं हातातलं टाकून उभी राहत. नवीन पोरं खिदळायची. महिनाभरात आपोआप गप्प व्हायची. धुलाईघर त्या दाराच्या बाजूला, दोन्हीकडचे कपडे तिथेच येत. शाळेच्या चादरी निळ्या दोऱ्याच्या खुणेच्या, मठाचे कपडे लाल दोऱ्याच्या नंबरचे. मठात येणाऱ्या प्रत्येकाला पुढचा नंबर मिळे आणि तो मेल्यावर ते कपडे उसवून फडकी होत. नंबर पुन्हा कुणाला देत नसत.

ती इथे आली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. नवरा छपराचं काम करायचा, शाळेच्याच छपरावरून पडला. त्या वेळच्या मठाधिपतींनी तिला धुलाईघराचं काम दिलं, मागची दीड खोली दिली, आणि पाच वर्षांच्या मुलाला शाळेत घेतलं. मुलगी नऊ वर्षांची होती. शाळा मुलांची, म्हणून ती गावातल्या सरकारी शाळेत गेली. हे थोरली अजून विसरलेली नाही. "त्याला शाळा मिळाली, मला वाळत घालायच्या चादरी मिळाल्या," असं ती हसत हसत म्हणते, आणि ते हसणं नसतं.

मुलगा गणितात हुशार निघाला. अठराव्या वर्षी एका दुपारी धुलाईघरात आला, ओल्या चादरीचं दुसरं टोक धरून पिळू लागला आणि पिळता पिळता म्हणाला, "आई, मी मठात जायचं म्हणतोय."

ती रडली नाही. हातातली चादर टाकून तशीच ओल्या हातांनी मठाधिपतींकडे गेली. तिने त्यांना एकच विचारलं, "तुमच्यात बदली होते का?"

तिच्या मावसभावाचा मुलगा दुसऱ्या एका पंथात फादर झाला होता. त्याला दर चार वर्षांनी कुठे कुठे पाठवत. त्याची आई नकाशावर बोट ठेवून जेवायची.

मठाधिपती हसले. "बाई, आमच्यात बदली नसते. आमचं पहिलं व्रतच ते. ज्या घरात आलो, तिथेच राहायचं. इथेच जगायचं, इथेच मरायचं, मागच्या बागेत पुरून घ्यायचं."

"मग घ्या," ती म्हणाली.

त्या एका शब्दावर तिने मुलगा दिला. थोरली तेव्हाच म्हणाली होती, "देवाला दिलास की शेजारी ठेवायला दिलास?"

खरं तेच होतं आणि त्यात सुईबाईला लाज वाटण्यासारखं काही दिसत नव्हतं. आयांची मुलं नोकरीला परगावी जातात, लग्नं करून सुनांच्या मुठीत जातात. आपला मुलगा दोनशे पावलांवर राहील, कुणाचा होणार नाही. त्याच्या पहिल्या काळ्या झग्यावर बावन्न हा आकडा तिनेच लाल दोऱ्याने भरला.

पाच वर्षांनी त्याने कायमची व्रतं घेतली, त्याच्या आदल्या दिवशी प्रेतावर घालायचं मठाचं काळं कापड धुलाईघरात इस्त्रीला आलं. कुणी गेल्याचं तिच्या कानावर नव्हतं. तिने ते नीट चुण्या काढून इस्त्री केलं. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये मुलगा जमिनीवर पालथा पडला आणि दोघांनी तेच कापड त्याच्यावर पसरलं, वर मयताची घंटा वाजू लागली. जगाला मेलो, असा त्याचा अर्थ. तो तिला आधी कुणी सांगितला नव्हता. सगळ्यांना वाटलं असेल, तिला ठाऊक आहे. ती बाकाची कड धरून उभी राहिली आणि घंटा थांबेपर्यंत त्या कापडाची मधली घडी बघत राहिली. मधली घडी जरा तिरकी पडली होती.

पुढची अठरा वर्षं तिला मुलगा मिळाला तो असा: महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटीच्या खोलीत अर्धा तास, आणि मंगळवारी गाठोडं टाकायला येई तेव्हा दोन मिनिटं. बोळात समोर आला की ती बाजूला होऊन म्हणे, "फादर, तुमचा कोट तयार आहे." धुलाईघराचं दार लागलं की "किती वाळलायस, जेवतोस का?" शाळेत तो गणिताचे फादर. मुलं त्याला टरकून असत आणि त्याच्याच वर्गात पहिल्या बाकासाठी भांडत. तो स्वतःबद्दल फार बोलत नसे. त्याची तिला गरजही नव्हती. तिला कपडे सांगत. खडूची पूड कोपरापर्यंत आली की परीक्षा जवळ. गुडघे घासलेले असले की उपवासाचे दिवस. गेली तीन वर्षं उजव्या खांद्याची शिवण सारखी उसवत होती, आणि तिथे औषधाचा, लघवीचा वास येई. ग्रंथपाल फादरांना तो रोज उचलून आंघोळीला नेत होता.

कारण मठ म्हातारा झाला होता. ती आली तेव्हा चौतीस जण होते, आता सात. बावन्न नंबरनंतर नवा नंबर पडलाच नव्हता. सातांपैकी शिकवणारे तिघं, बाकीचे शिक्षक पगारी, संसारी. मोठे फादर, म्हणजे आताचे मठाधिपती, शहात्तर वर्षांचे. ग्रंथपाल फादरांना पायच नव्हते म्हणायचे.

वसंताच्या सुरुवातीला मोठ्या फादरांनी धुलाईघरात निरोप पाठवला की मतदानाच्या दोन पिशव्या नवीन हव्यात, जुन्या उंदरांनी खाल्ल्या. सुईबाईने काळ्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, तोंडाला नाडी घातली. त्या घ्यायला स्वयंपाकीण आली. मठाच्या जेवणघरात वाढायचं काम तिचं. जेवताना ते लोक बोलत नसत, एकजण उभा राहून पुस्तक वाचे. त्यामुळे त्या बाईला संतांची चरित्रं तोंडपाठ होती आणि बोलायची भूक मोठी होती.

"कशाचं मतदान गं?" सुईबाईने विचारलं.

"अगं, तुला ठाऊकच नाही? मूळ मठातून पत्र आलंय. सात जणांचा मठ म्हणजे मठ नव्हे म्हणतात. एक तर राहा आणि कसंबसं चालवा, नाहीतर सगळे आमच्याकडे या. शाळा एक शिक्षणसंस्था घेणार. दाण्यांनी ठरवणार शनिवारी."

"दाण्यांनी?"

"घेवड्याच्या. माझ्याच डब्यातून नेलेत, सात पांढरे, सात काळे. प्रत्येकाला एक पांढरा, एक काळा. पांढरा म्हणजे राहायचं, काळा म्हणजे जायचं. पहिली पिशवी फिरते त्यात मताचा टाकायचा, दुसरी फिरते त्यात उरलेला. मोजतात ती फक्त पहिली. पुढच्या आमटीला मला चौदा दाणे परत मिळाले म्हणजे झालं."

मूळ मठ, ज्याची हा मठ म्हणजे शाखा, आगगाडीने दीड दिवस लांब होता.

शुक्रवारी सुईबाईला जेवण गेलं नाही. मुलाचं मत काय पडेल ही शंका तिच्या मनाला शिवली नाही. तिला भीती बाकीच्या सहांची होती.

शनिवारी सकाळच्या प्रार्थनेनंतर सभा झाली. दुपारी स्वयंपाकीण पदर सावरत आली आणि दारातूनच तिने चार बोटं दाखवली. "चार काळे, तीन पांढरे. मे अखेरीला निघणार. आज जेवताना वाचनसुद्धा नाही, बाई. नुसते चमचे वाजत होते."

सुईबाई स्टुलावर बसली. मग उठली आणि तिने नीळ घातलेल्या बादलीला लाथ मारली. चौसष्ट वर्षांची बाई, तिला स्वतःलाच नवल वाटलं.

"माझ्या पोराचं चाललं असतं ना," ती म्हणाली. "पण एकट्याचं काय चालणार? ती चार म्हातारी. जायची वेळ झाली तर सरळ वर जावं की, मूळ मठ कशाला!"

"हळू बोल."

"का? खोटं आहे?"

त्या दोन दिवसांत तिने म्हाताऱ्यांवर सूड घेतला. ग्रंथपाल फादरांच्या कॉलरीला खळ इतकी दाट दिली की ती मानेला कातरेल. बागवाल्या फादरांच्या मोज्यांची भोकं बघून न बघितल्यासारखी केली. एकाचं बटण तुटलेलं होतं, ते तिने टाचायचं सोडून खिडकीच्या कडेला ठेवून दिलं. रविवारी थोरली आली तिलाही तिने तेच ऐकवलं, की बावन्न नंबरने पांढराच टाकला असणार, त्याचं व्रत आहे इथलं.

"तुला येऊन सांगितलं त्याने?" थोरलीने विचारलं.

"सांगायला कशाला लागतं?"

"हो. तुला कपडे सांगतात." थोरलीने आपल्या मुलाच्या डब्यात आईने दिलेली बिस्किटं भरली. "जाऊ दे ना आई. चल माझ्याकडे. खोली रिकामी आहे. मीही तुझीच आहे म्हणतात."

"तू कुठे पळून चाललीयस?"

थोरलीने डब्याचं झाकण लावलं. "तेच चुकलं माझं," ती म्हणाली.

मंगळवारी गाठोडी आली. धुण्याआधी खिसे तपासायचे, हा तिचा छत्तीस वर्षांचा शिरस्ता. बावन्न नंबरच्या झग्याला आतून खोल खिसा होता. त्यात खडूचा तुकडा, एका मुलाकडून काढून घेतलेलं रबर, आणि एक पांढरा दाणा निघाला.

तिने तो तळहातावर घेतला. आधी काही कळलंच नाही. मग शनिवार आठवला. शनिवारी सभा संपता संपता शाळेची पहिली घंटा होते. पहिला तास त्याचा. दुसरी पिशवी फिरायच्या आत तो उठला असणार, उरलेला दाणा मुठीत, आणि बोळातून चालता चालता त्याने तो रबरासारखाच खिशात टाकला असणार. उरलेला दाणा पांढरा.

तिने सगळे मार्ग शोधले. कदाचित त्याने मत टाकलंच नसेल. कदाचित दोन्ही दाणे घेऊन उठला असेल. खिसा पुन्हा उलटा केला, शिवणींतून बोट फिरवलं. काळा नव्हता.

बुधवारी इस्त्रीचे कपडे घेऊन ती स्वतः मोठ्या फादरांच्या खोलीवर गेली. एरवी ते काम कामवालीचं.

"फादर, त्या पिशव्या ठीक होत्या ना? पहिल्या पिशवीत सातच्या सात निघाले?"

"सभेतलं बाहेर विचारत नसतात, बाई."

"सभेचं नाही, शिवणीचं विचारते. आत कड सैल राहिली असेल, दाणा अडकला असेल, तर?"

मोठे फादर जरा हसले. "सात निघाले. तुमची शिवण कधी सैल राहिलीय?"

ती कपडे कपाटात लावत राहिली. तिची पाठ त्यांच्याकडे होती, हे बरं होतं.

"बसा," ते म्हणाले. "मीच तुम्हाला बोलावणार होतो. संस्था म्हणते, निदान एक फादर शाळेत राहू द्या. तीन वर्षं. आईबापांना धीर येतो झगा बघितला की. त्यांना गणिताचे फादर हवेत. मी अजून होकार दिलेला नाही. त्यांचं इथे आता घर नसणार, एकट्याने प्रार्थना, एकट्याने जेवण. आमच्या माणसाला ते सोपं नसतं. शिवाय ग्रंथपाल फादरांना त्यांचीच सवय. पण आईला गरज असेल तर नियमातही त्याला जागा आहे. तुमचं म्हणणं काय?"

"तो काय म्हणतो?"

"त्यांना विचारलेलं नाही. मी सांगितलं तर ते राहतील. आज्ञापालन हे पण व्रतच आहे."

खिडकीबाहेर मुलं चेंडू खेळत होती. सुईबाईच्या मनात त्या वेळी मुलाची दया नव्हती, हे खरं सांगायला हवं. तो आपल्याला सोडून जायला निघाला होता, न सांगता, मुठीत दाणा लपवून. तिला वाटलं, आता बघू कसा जातोस.

"ठेवा त्याला," ती म्हणाली. "मला लागतो तो. जिना चढवत नाही आता. दिसतं पण कमी."

ती दोन जिने चढून आली होती. कॉलरीला सुई होती, आणि तिच्यातला दोरा तिने सकाळी चष्म्याशिवाय ओवला होता. मोठ्या फादरांनी सुईकडे बघितलं की नाही, कोण जाणे. ते एवढंच म्हणाले, "बरं."

गुरुवारी मुलगा आला. गाठोड्याचा दिवस नव्हता. दार लावून तो इस्त्रीच्या टेबलाला टेकला.

"तू मागितलंस?"

"हो."

"तुझ्या डोळ्यांना काय झालंय?"

"काही नाही झालेलं." तिने डबीतून पांढरा दाणा काढून टेबलावर ठेवला. "नीट दिसतंय. हासुद्धा दिसला."

त्याचा चेहरा पडला. चाळीस ओलांडलेल्या त्या माणसाच्या चेहऱ्यावर तिला एकदम सात वर्षांचा मुलगा दिसला, शाई सांडलेला. पण ती थांबली नाही.

"बदली नसते म्हणून दिलं होतं तुला. इथेच मरणार म्हणाले होते. आणि तूच काळा टाकलास! ती चार म्हातारी म्हणून मी त्यांच्या कॉलरी कडक केल्या, आणि चौथा तू?"

"आई, हे तुला कळायला नको होतं. कुणालाच नको."

"का टाकलास?"

तो बोलला मुलांना रीत समजावून सांगतात तसा, एकेक पायरी. पहाटे उठून ग्रंथपाल फादरांना उचलायचं. मग प्रार्थना, सात जणांची, त्यात दोघं झोपलेले. मग पाच तास. मग वह्या. मग पुन्हा उचलायचं. तिकडे आजारी फादरांसाठी वेगळी खोल्यांची रांग आहे, माणसं आहेत. प्रार्थनेला चाळीस आवाज आहेत. "आम्ही शाळेसाठी मठ चालवत होतो, आई. उलटं असायला हवं होतं. मी मठात आलो होतो. अलीकडे मला मठात असल्यासारखं वाटतच नव्हतं."

"आणि मी?"

"तू काय?"

"काळा टाकताना माझं काय होईल, याचा काय विचार केलास?"

त्याने दाणा उचलला, बोटांत फिरवला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, हीच त्याच्यातली वाईट गोष्ट होती.

"खरं सांगू? त्या वेळी तू मनात आली नाहीस."

तिने मनातल्या मनात तीन दिवस त्याच्याशी भांडण केलं होतं. तू माझा कंटाळा केलास, तुला मी जड झाले, माझ्या नजरेतून सुटायला निघालास. त्या सगळ्याला उत्तरं तयार होती. याला नव्हतं. ज्या गोष्टीची तिने त्याला शिक्षा दिली, ती त्याने केलीच नव्हती.

"मी मोठ्या फादरांना सांगते," ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता.

"नको. आज्ञा झाली आता." दाराशी जाऊन तो थांबला. "ग्रंथपाल फादरांच्या मानेला जखम झालीय. कॉलर मऊ करून देशील?"

मे अखेरीला बस आली. सहा माणसं आणि अकरा खोकी. ग्रंथपाल फादरांना मुलानेच उचलून बसमध्ये बसवलं. म्हाताऱ्याला नीट समजलेलं नव्हतं. तो विचारत होता, "तुझी पेटी कुठाय? पेटी चढवली का?" आणि त्याची बाही सोडत नव्हता. शेवटी मोठ्या फादरांनी एकेक बोट सोडवलं. सुईबाई दाराआड उभी होती. पुढे येऊन निरोप घ्यायची तिला हिंमत झाली नाही.

मग तिला हवं होतं ते सगळं मिळालं. मठाच्या खोल्यांत वसतिगृह आलं, मुलाला शाळेच्या वरच्या मजल्यावर एक खोली दिली, आणि रात्रीचं जेवण तो आईकडे घेऊ लागला. तेवीस वर्षांनी तिच्या टेबलावर त्याचं ताट. पहिल्या दिवशी तिने नवा टेबलक्लॉथ घातला आणि तो येईपर्यंत तीनदा सरळ केला.

तो आला, डोळे मिटून प्रार्थना म्हणाला आणि जेवू लागला. ती बोलत होती, शेजारच्या नळाबद्दल, थोरलीच्या सासूबद्दल. तो मान हलवत ऐकत होता. थोड्या दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की जेवणघरात पुस्तक वाचणाऱ्याचं ऐकत तसा तो ऐकतोय. मध्ये उत्तर द्यायचं असतं हे तो विसरला होता. एकदा त्याने दोन बोटं टेबलावर हलकेच आपटली. तिला वाटलं चिडला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकीण म्हणाली, "अगं वेडे, पाव मागत होता. तिथे बोलायचं नसतं ना, खुणा असतात."

त्यानंतर ती बोटं बघून पाव पुढे करू लागली. हळूहळू तिचंही बोलणं कमी झालं. थोरली एकदा जेवायला थांबली आणि जाताना बोळात म्हणाली, "कुणी गेलंय का घरात?"

प्रार्थना तो चर्चमध्ये एकटाच म्हणे. मठात स्तोत्रं दोन बाजूंनी म्हणायची रीत होती: एक कडवं या बाजूचं, पुढचं समोरच्या बाजूचं. धुलाईघराच्या झरोक्यातून तिला ऐकू येई. तो एक कडवं म्हणे आणि थांबे. समोरच्या कडव्याला लागेल तेवढा वेळ थांबे. मग पुढचं. त्या थांबण्यात तिचा इस्त्रीचा हातही थांबे आणि एकदा त्यात एक उशीचा अभ्रा जळला.

एक दिवस ती गेली आणि समोरच्या रिकाम्या बाकांत बसली. पुस्तक उघडून बसली, पण कुठलं पान हे तिला माहीत नव्हतं. त्याने कडवं म्हटलं. तो थांबला. तिला सूर लागेना. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. तो रागावला नाही. नेहमीइतकाच थांबला आणि पुढचं म्हणू लागला. ती संपेपर्यंत बसून राहिली, कारण मध्ये उठणं बरं दिसलं नसतं.

ऑक्टोबरात पत्र आलं. ग्रंथपाल फादर गेले. जाताना सुईबाईच्या मुलाचं नाव घेत होते, असं मोठ्या फादरांनी चांगल्या मनाने लिहिलं होतं. मुलाने पत्र बोळात उभ्याने वाचलं, घडी घातली आणि वर्गात गेला. त्या मंगळवारी झग्याचे दोन्ही गुडघे पांढरे आले, फरशीच्या धुळीने. छातीवर खडूचा एक कण नव्हता. मुलं म्हणाली, गणिताचे फादर आठवडाभर फळ्याकडे गेलेच नाहीत, नुसती उदाहरणं सांगत होते आणि खिडकीतून बघत होते.

सुईबाईने ते गुडघे ब्रशने घासले. मग तशीच बसने थोरलीकडे गेली.

"एक पत्र लिहून दे. मोठ्या फादरांना."

"काय लिहू?"

"लिही, की मला आता तो लागत नाही. जिना चढवतो. दिसतंही."

थोरलीने पेन खाली ठेवलं. "म्हणजे तेव्हा खोटं बोललीस?"

"लिही तू."

"आई, तुला तो हवा होता ना? मग आता काय झालं?"

"आता तो आहे कुठे?" सुईबाई म्हणाली.

थोरलीला काहीतरी टोचून बोलायचं होतं, पण तिने आईकडे बघितलं आणि पत्र लिहिलं. शेवटी स्वतःच्या मनाने एक ओळ घातली, की आईची जबाबदारी मी घेत आहे. वाचून दाखवताना ती ओळ मात्र वाचली नाही.

तीन आठवडे गेले, उत्तर आलं नाही. चौथ्या आठवड्यात जेवताना सुईबाईला राहवेना. तिने पावाची टोपली पुढे केली आणि म्हणाली, "मी मोठ्या फादरांना लिहिलं होतं. तुला बोलावून घ्या म्हणून. माझं तेव्हा चुकलं."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "त्यांनी मला विचारलं, येतोस का."

तिचा हात टोपलीवरच राहिला. "मग?"

"मी नाही म्हणालो."

त्याच्याकडे बघायचं धाडस तिला होईना. तो पाव मोडत होता, लहानपणी मोडायचा तसाच, आधी कडा. तिने हळूच विचारलं, "का रे?"

"शेवटच्या वर्गाची परीक्षा मार्चमध्ये आहे. अडतीस मुलं आहेत. मध्येच कशी सोडायची? नवीन माणसाला निम्मा अभ्यासक्रम पण झेपायचा नाही." बोलताना त्याच्या आवाजात पुष्कळ दिवसांनी थोडी धार आली होती. "आणि पुढच्या वर्षीची बॅच तर आणखी कच्ची आहे. पाया मीच घातलाय त्यांचा. तीन वर्षं लागतीलच."

"हो," ती म्हणाली. "मध्येच कशी सोडणार."

"उद्यापासून संध्याकाळी जादा तास ठेवतोय. यायला उशीर होईल. कधी नाही जमणार."

"ताट झाकून ठेवीन."

"ठेव," तो म्हणाला, आणि उठून त्याने आपलं ताट विसळलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने दोघांपुरतं केलं. बराच वेळ वरच्या वर्गातला दिवा जळत होता, मुलांचा एका सुरात पाढे म्हटल्यासारखा आवाज येत होता आणि मध्येच त्याचा, स्पष्ट, मोकळा. ती दारात उभी राहून ऐकत होती. मग आत आली, त्याचं ताट झाकलं, आपलं वाढून घेतलं आणि त्याची वाट न बघता जेवायला बसली.